होइट आजोबांच्या ट्रेलरमधली पावलं

"नळीवर धर ना रे! माझ्या नाकावर काय धरतोस!" जूनी ओरडली.

तिचा धाकटा भाऊ कॅल हेअर ड्रायर घेऊन बर्फात फतकल मारून बसला होता. पाण्याची नळी दगडासारखी गोठलेली. मोंटानातल्या थंडीत चाकांवरच्या घरात, ट्रेलरमध्ये, राहायचं म्हणजे रोज सकाळी हाच उद्योग! आधी नळी वितळवा, मग दात घासा.

"नाताळची सुट्टी म्हणे! शाळेत निदान नळाला पाणी तरी येतं," कॅल कुरकुरला.

तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधली रोवेना धावत आली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"आजोबांकडे परत पावलं वाजली! आणि त्यांनी मला ओळखलंच नाही गं! मला म्हणाले, 'तू कोण?'"

ट्रेलरच्या त्या कँपमध्ये अगदी टोकाला होइट आजोबा एकटेच राहायचे. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. अख्खा ट्रेलर मागे कसा घ्यायचा ते त्यांनीच पोरांना शिकवलं होतं. पण आठवडाभर सगळं बिनसलं होतं. घरात कुणीतरी चालतंय म्हणायचे, डोकं धरून बसायचे, नावं विसरायचे. 'म्हातारा भ्रमिष्ट झालाय,' असं कँप सांभाळणाऱ्या प्रुइटकाकांनी आजोबांच्या मुलाला फोनवर सांगूनसुद्धा टाकलं. आज दुपारी तो मुलगा यायचा होता. ट्रेलर विकायचा आणि आजोबांना वृद्धाश्रमात ठेवायचं!

"आजोबा वेडे नाहीत," जूनी म्हणाली. "चला, आपणच ऐकू पावलं."

"आपणच म्हणजे तू," कॅल म्हणाला. पण आला मागोमाग.

आत कोंदट ऊब होती. आजोबा बाकावर बसले होते, चेहरा राखेसारखा.

"श्श! ऐका. चालतंय," ते पुटपुटले.

तिघं श्वास रोखून ऐकू लागली. आधी नुसती फ्रिजची घरघर. मग जूनीच्या कानात... धप्. धप्. धप्. पडदा हलला का? की उगाच वाटलं? तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"जूनी, मला उलटी होतेय!" कॅल कळवळला.

"आजोबा, चला बाहेर!"

"एवढ्या थंडीत? जा तुम्ही. मी जरा पडतो."

तिघं धडपडत बाहेर पळाली. कॅल ट्रेलरला टेकून हाशहुश करत राहिला. हळूहळू त्याच्या गालांवर रंग परतला.

"भूत दारापर्यंतच येतं वाटतं," रोवेना म्हणाली.

जूनीच्याही कानातली धपधप मंदावली होती. ती माझ्याच छातीची होती की काय! आणि उलटी करायला लावणारं भूत? असलं भूत असतं का कुठं?

"रोवेना, आजोबांच्या पलंगाच्या वर भिंतीवर ती गोल घंटा असायची ना? विषारी वायू साठला की कोकलणारी? आत्ता तिथं नुसती स्क्रूची भोकं दिसली."

"प्रुइटकाकांनी काढून नेली. रात्रंदिवस बोंबलते, बिघडलीय म्हणाले. पावलं त्यानंतरच तर सुरू झाली!"

"म्हणजे खालून तर काही आत येत नाही ना?" जूनी म्हणाली. मग तिनं खिशातून आपल्या ट्रेलरची छोटी किल्ली काढली. ट्रेलरच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यांना कारखान्यातून एकसारखीच कुलपं येतात. कुणाचीही किल्ली कुणालाही लागते!

खट्! कप्पा उघडला आणि गरम हवेचा भपकारा तोंडावर आला. पेट्रोलच्या धुराचा वास!

"शी! हा कुठून?" कॅल नाक दाबून म्हणाला.

ट्रेलरखालचे पाइप गोठू नयेत म्हणून चारी बाजूंनी गवताचे गठ्ठे रचलेले होते. मागच्या बाजूनं मंद घरघर येत होती. फ्रिजची नव्हतीच ती! जूनी तिकडे धावली. प्रुइटकाकांचा जनरेटर! शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून काकांनी तो गठ्ठ्यांच्या खोपटात कोंबला होता. आणि त्याचं धुराचं नळकांडं थेट आजोबांच्या ट्रेलरखाली!

"अगं बाई! सगळा धूर खाली कोंडतोय आणि ट्रेलरच्या तळाच्या फटींतून वर जातोय!"

"जूनी!" पुढून रोवेनाची किंकाळी आली. "आजोबा दार उघडत नाहीयेत! हाकसुद्धा देत नाहीत!"

आई-बाबा सिलिंडर आणायला गावात गेलेले. काका सहाशे हाका मारल्या तरी टीव्हीसमोरून उठायचे नाहीत. मग? मग तिनं जनरेटरचं बटण खाडकन बंद केलं.

"टीव्ही बंद पडला, आता बघ काका येतात की नाही! रोवेना, अँब्युलन्सला फोन लाव!"

तिनं छाती भरून श्वास घेतला, दार ओढलं आणि आत शिरली. खिडकी उघडली. छतावरचं झाकण फिरवून वर केलं. आजोबा बाकावर आडवे, तोंड उघडं. हलवलं. हालचाल नाही! ओढलं. जागचे सरकेनात! छाती फुटायची वेळ आली तशी ती बाहेर पळाली. मेले का? आजोबा मेले का?

"कुणी बंद केला माझा जनरेटर?" प्रुइटकाका बर्फातून तरातरा आले. "ऐन मॅचमध्ये! थांबा, एकेकाचे कान—"

"कान नंतर पकडा! आजोबा बेशुद्ध पडलेत, उचला त्यांना!"

"झोपलाय म्हातारा. तो आजकाल—"

"तुमचा धूर त्यांच्या घरात जातोय, काका! घंटा बिघडली नव्हती. खरं सांगत होती!"

काकांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं. उघड्या कप्प्याकडे पाहिलं. दुसऱ्या क्षणाला नाकावर मफलर दाबून ते आत घुसले आणि आजोबांना खांद्यावर टाकून बाहेर आले. बर्फावर घोंगडी टाकून त्यांना निजवलं. जूनी त्यांचा थंड हात घट्ट धरून बसली. नजर फक्त त्यांच्या छातीवर. हलली का? हलली का?

आणि हलली! आजोबा खोकले!

अँब्युलन्सवाल्या बाईंनी त्यांच्या नाकावर ऑक्सिजन लावला, घरात वायू मोजायचं यंत्र फिरवलं आणि मान हलवली. "अजून थोडा वेळ गेला असता तर काही खरं नव्हतं. पोरांनो, शाब्बास!"

नाताळच्या आदल्या दिवशी आजोबा परत आले, ताठ चालत, सगळ्यांची नावं घेत. त्यांच्या मुलानं जूनीचा हात हातात घेतला. "मी ट्रेलर विकायला निघालो होतो गं. बाबांना विचारलंसुद्धा नाही." प्रुइटकाका स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारोदार हिंडत होते, प्रत्येक ट्रेलरची घंटा तपासत. कुणाशी नजर मिळवत नव्हते.

आजोबांनी जूनीला जवळ बोलावलं.

"वाघीण आहेस तू! एकटी आत शिरलीस. भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," जूनी म्हणाली. आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू एकदम बाहेर आलं. "अजून वाटतेय."

आजोबांनी बाकावर सरकून जागा केली. जूनी त्यांना चिकटून बसली, आणि ते श्वास घेत होते ते नुसतं ऐकत राहिली.