डाव्या अंगठ्याची खूण

मजकूर-संशोधन प्रयोगशाळेत बाळांना मज्जाव आहे असा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, कारण तो लिहायची वेळ येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्यामुळे सहा महिन्यांची ठमी आईच्या मांडीवर बसून कळफलकावर खुशाल हात आपटत होती, आणि तिची आई, तिथलीच संशोधक मिताली सानप, प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. फरीदा इनामदारांपुढे आपलं गाऱ्हाणं मांडत होती.

गाऱ्हाणं साधंच होतं. ठमी झोपली की मिळणाऱ्या पाऊण तासात मिताली बाळांविषयी लेख लिहायची आणि आपल्या संकेतस्थळावर टाकायची. चार दिवसांत ते दुसऱ्याच कुणाच्या नावाने भलतीकडे झळकायचे. नाशिकच्या प्रकाशिका विशाखाताई गंगुर्डे त्यांचं पुस्तक करायला तयार होत्या. पण लेख तिचेच कशावरून, हे त्यांना कळायला हवं होतं. पुरावा नाही, तर पुस्तक नाही.

"शब्दांवरून माग काढायचा, तर हल्ली शब्द उरतात कुठे मॅडम? पुनर्लेखन यंत्रं वाक्य न् वाक्य बदलतात. भाषासुद्धा."

"मग खूण शब्दांत ठेवूच नकोस. अर्थात ठेव." डॉ. इनामदारांनी ठमीच्या तोंडातून आपल्या चष्म्याची काडी सोडवून घेतली. त्यांच्या 'वंशमाग' यंत्रणेचं तत्त्वच ते होतं. लेखात एक छोटीशी, निरुपद्रवी, निव्वळ मनाने रचलेली कृती पेरायची. तिला त्या खूणबीज म्हणत. ते जगात आधी कुठेही नसावं, आणि इतकं गोड असावं की उचलेगिरी करणाऱ्याला ते गाळवणार नाही. "शब्द गेले तरी कृती टिकते. जिथे खूणबीज सापडेल, तो लेख तुझ्या वंशातला. नसेल, तर तुझा नाही. इतका सरळ हिशेब."

नाचणीच्या पेजेवरच्या लेखासाठी यंत्रणेने सुचवलं: पहिला घास भरवण्याआधी चमच्याची दांडी बाळाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला टेकवावी.

"याने काय होतं?" मितालीने हसत विचारलं.

"काही म्हणजे काही होत नाही. तेच तर हवंय."

आठ महिन्यांनी वंशमागाने काढलेला खूणबिजाचा नकाशा उघडला तेव्हा मिताली बघतच राहिली. सहाशे बारा ठिकाणं. कानडीत अंगठा, तमिळमध्ये अंगठा, पोर्तुगीजमध्येही अंगठा. एका पशुवैद्याने तर कुत्र्याच्या पिल्लांसाठी 'पुढचा डावा पंजा' असा बदल करून अख्खा लेख उचलला होता. आपलं लेकरू एवढं जग फिरून आलं, या कौतुकात ती रागवायचंच विसरली.

विशाखाताईंनी मात्र यादी वाचून नाक मुरडलं. "अहो, अंगठ्याचं आमच्याकडे पूर्वापार आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई न चुकता करतात. हा कसला पुरावा?"

क्षणभर मितालीला पुस्तक हातचं गेल्यासारखंच वाटलं. डॉ. इनामदारांची तयारी मात्र आधीच झाली होती. लोकांनी जगभर प्रसिद्ध केलेल्या बाळांच्या जेवणाच्या चित्रफिती त्यांनी वंशमागाला तपासायला दिल्या होत्या. मितालीचा लेख आला त्या दिवसापर्यंत अंगठ्याला चमचा लावणारी एकही चित्रफीत नव्हती. त्यानंतर नऊ हजार. पूर्वापार रीत होती, तर ती नेमकी त्या तारखेपासूनच कशी दिसू लागली?

विशाखाताईंनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं. "म्हणजे जाऊबाई थापा मारतात," त्या समाधानाने म्हणाल्या, आणि करारावर सही करून मोकळ्या झाल्या.

पुस्तकाची मुद्रितं तपासताना मितालीने ते एक वाक्य काढून टाकलं. खुणेचं काम झालं होतं. जे खरं नाही ते स्वतःच्या नावाने छापायला तिचं मन धजेना.

पुस्तक निघालं आणि वाचकांची पत्रं सुरू झाली. बहुतेक प्रेमाची. पण दर तिसऱ्या पत्रात तक्रार: मुख्य गोष्टच राहिली, बाईंनी कुठून तरी घाईघाईत उतरवलेलं दिसतंय. पाठोपाठ वंशमागाने आपणहून अहवाल दिला. सहाशे बारा उचललेल्या लेखांत खूणबीज शाबूत होतं. मिताली सानप यांच्या पुस्तकात ते आढळलं नव्हतं. सबब, या पुस्तकाचा मूळ लेखिकेशी संबंध नाही.

डॉ. इनामदारांना हसू आवरेना. "यंत्र चुकलेलं नाही हं, हिशेब माझा चुकला," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "ते खोटं आहे हे लिहिणाऱ्यांत एकट्या मूळ लेखिकेलाच ठाऊक. मग गाळणार कोण, तीच."

मिताली घरी आली तेव्हा सासूबाई पुस्तक मिटून ठेवत होत्या. "झकास झालंय गं. फक्त अंगठ्याचं राहून गेलं. असू दे, पहिलंच पुस्तक आहे. आमच्या माहेरी तर त्याशिवाय घासच भरवत नसत."

मितालीने पेजेची वाटी घेतली. ठमी आता दीड वर्षाची झाली होती. चमचा पुढे आला तशी तिने ओठ घट्ट मिटले, आईकडे रोखून पाहिलं आणि डावा पाय पुढे केला.

मितालीने चमच्याची दांडी त्या इवल्याशा अंगठ्याला टेकवली. तोंड लगेच उघडलं.

"दुसऱ्या आवृत्तीत घालते, आई," ती म्हणाली.