श्रीवत्सच्या नावापुढचा चाफा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी एक खिडकी डोळ्यांसमोर आणा, जिच्यातून सगळं जग दिसतं. बातम्या, गोष्टी, क्रिकेटचे सामने, मांजरांची चित्रं... सगळं. हिला म्हणायचं ब्राउझर. आता स्वतःची खिडकी म्हटली, की माणूस हौसेनं तिला काहीबाही लावतोच. कुणी पडदा, कुणी रंगीत काच. ब्राउझरच्या खिडकीला असं जे लावतात, त्याला म्हणायचं एक्स्टेन्शन. आणि गंमत अशी, की रंगीत काच तुम्ही तुमच्या खिडकीला लावलीत, तर जग फक्त तुम्हालाच रंगीत दिसतं. शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

कॉम्प्युटरच्या मोठ्या खिडकीला हे सगळं लावायची मुभा कधीपासूनच होती. मोबाईलच्या छोट्या खिडकीला मात्र बहुतेक ठिकाणी नव्हती. भाड्याच्या घरात मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही ना, तसंच ते. आणि मग एका ब्राउझरवाल्यांनी जाहीर करून टाकलं – ठोका खिळे! मोबाईलवरसुद्धा ठोका!

बंगळुरात ज्यांना ही बातमी सणासारखी वाटली, त्यांत एक होती सुखदा.

सुखदा नागपूरची. नोकरीसाठी इकडे आली आणि सर्जापूर रोडवर आपल्या बहिणीकडे, नीलिमाकडे राहू लागली. नीलिमाची मुलगी गौरी नऊ वर्षांची. तिला मराठी गोष्टींचं वेड, पण शाळेत इंग्रजी, खाली खेळायला गेलं की हिंदी नाहीतर कन्नड. 'ओसरी', 'कणगी' असे शब्द आले की तिची गाडी अडायची. म्हणून मावशीनं तिच्यासाठी एक एक्स्टेन्शन बनवलं होतं. त्याचं नाव चिमणी. अवघड शब्दावर माउसचा बाण नेऊन जरा थांबलं, की एक चिमणी भुर्रकन यायची आणि चोचीतून अर्थ टाकून उडून जायची. पण लॅपटॉप मावशीचा. गौरीच्या हाती लागायचा तो आईचा फोन. त्यामुळे ही बातमी कळताच तिनं सोसायटीतल्या झाडून सगळ्या मुलांना सांगून टाकलं, "माझी चिमणी आता फोनवर येणार!"

त्यासाठी एचएसआर लेआउटमध्ये दर शनिवारी शिबिर भरायचं. रक्षिता नावाची एक खटपटी मुलगी ते चालवायची. आपापलं एक्स्टेन्शन घेऊन या, सगळे मिळून ते फोनवर चालवू – असा मामला. जागा एका हॉटेलच्या वरचा हॉल. खालून सांबाराचा वास येई आणि वर सगळ्यांना सारखी भूक लागे.

पहिल्या शनिवारी गौरीला घेऊन सुखदा पोचली, तेव्हा चार्जर लावायला एकच जागा उरली होती. तिनं हात पुढे केला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनंही एक हात आला. हाताचा मालक उंच, चष्मेवाला, केस जरा उडालेले.

"स्वल्प जागा माडि..." तो कन्नडमध्ये म्हणाला, म्हणजे जरा जागा करा.

"मैं पहले आई थी," सुखदा हिंदीत म्हणाली.

गौरी त्याला न्याहाळत होती. "मावशी," ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यांचा टी-शर्ट उलटा आहे. शिवण बाहेर आलीय."

त्यानं झटकन स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं.

"तुम्हाला मराठी येतं?" सुखदानं विचारलं.

"घरी तेच बोलतो. माझा जन्म इथलाच. बाबा इथं सरकारी कारखान्यात इंजिनियर होते." त्याचे कान लाल झाले होते. "आमची मराठी स्वल्प भेसळीची आहे. सांभाळून घ्या. मी श्रीवत्स."

"आणि टी-शर्ट?" गौरी सोडेना.

"तो... घाईत."

चार्जर शेवटी त्याचाच लागला, कारण सुखदा हसण्यात गुंतली होती.

पण तासाभरात तिचं हसू मावळलं. शिबिरात श्रीवत्सचं काम होतं चुका काढायचं, आणि तो ते मन लावून करायचा. त्यानं चिमणी पाहिली आणि मान हलवली.

"हे फोनवर नाही चालणार. फोनवर बाण कुठंय? बोट एकतर लांब असतं, नाहीतर टेकतं. नुसतं वर घुटमळत राहायची सोयच नाही तिथं."

"मग काय, सगळं परत लिहू?"

"सरी," म्हणजे 'ठीक', असं तो शांतपणे म्हणाला आणि शिबिराच्या ऑनलाइन पानावर तिची चूक नोंदवून मोकळा झाला. खाली नाव – श्रीवत्स.

सुखदा संतापली की तिची नागपुरी बाहेर येई. "हा माणूस समजून काय राहिला स्वतःला?" असं रस्ताभर म्हणत ती घरी आली आणि रागाच्या भरात तिनं एक इवलंसं एक्स्टेन्शन लिहिलं. कोणत्याही पानावर 'श्रीवत्स' हे नाव आलं, की त्याच्यापुढे एक कारलं दिसायचं. ते फक्त तिच्या खिडकीत. जगाला त्याचा पत्ता नाही. तिला फार बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी त्यानं आणखी चुका काढल्या, पण त्या दुरुस्त करायला शेजारी बसून राहिला. गौरी कंटाळली तर तिला कन्नड बडबडगीत शिकवलं. गौरी त्याला अण्णा, म्हणजे कन्नडमधला दादा, म्हणू लागली. त्या दिवशी घरी आल्यावर सुखदानं कारलं काढलं आणि काकडी ठेवली. त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारीच आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला, हॉलची वीज गेली, आणि श्रीवत्सनं आपल्या फोनचा उजेड तिच्या कीबोर्डवर धरला. हात अवघडला तरी हलवला नाही.

"दुखत नाही का हात?" तिनं विचारलं.

"दुखतो."

"मग खाली ठेवा ना."

"तुमचं... संपू दे." अंधारात तो कुठं बघत होता, ते तिनं पाहिलं नाही. म्हणजे, पाहिलं. पण पाहिलं नाही असं दाखवलं.

त्या रात्री काकडी गेली आणि तिथं चाफ्याचं फूल आलं.

पुढचे तीन-चार शनिवारही श्रीवत्सला नव्या नव्या चुका सापडतच राहिल्या. आणि मग इथंच माशी शिंकली. ब्राउझरची नवी आवृत्ती आली, आणि तिच्यात लॅपटॉपवरची एक्स्टेन्शनं त्याच खात्यानं आपोआप फोनवर यायला लागली. सगळीच्या सगळी. सुखदाला वाटलं, फक्त चिमणी आली असेल. शनिवारी तिनं ऐटीत आपला फोन श्रीवत्सच्या हातात दिला. "घ्या, काढा चूक!"

त्यानं बोट टेकवलं, चिमणी आली, अर्थ टाकून गेली. गौरीनं टाळ्या वाजवल्या. मग त्यानं शिबिराचं पान उघडलं... आणि भुवया उंचावल्या.

"अय्यो. हे काय?"

सुखदानं वाकून पाहिलं. पानभर चाफा फुलला होता. श्रीवत्स, फूल. श्रीवत्स, फूल.

"ते... काही नाही. द्या इकडे."

"काही नाही कसं? केवढा मोठा बग आहे हा, केवढी चूक!" तो आनंदला होता. आणि तिनं फोन हिसकावून घ्यायच्या आत त्यानं फोटो काढून नोंद केली: 'नावापुढे आपोआप फूल उगवतं. गंभीर.'

रक्षितानं नोंद वाचली आणि हात वर केले. "सॉरी सुखदा. पानावर भलतंच काही उगवत असेल, तर मी हे मुलांच्या फोनवर नाही जाऊ देणार. कारण सापडेपर्यंत चिमणी थांबली."

गौरीचा चेहरा एवढासा झाला. "मावशी... मी सगळ्यांना उद्याचं सांगितलंय."

हॉलमधले सगळे आपापले फोन घेऊन धावले. कुणाच्याच फोनवर फूल येईना. वेदांत नावाचा एक जण म्हणाला, फोन तापला असेल. दुसरा म्हणाला, अक्षरांचा दोष असेल. श्रीवत्सनं मात्र शिस्तीत तपास चालवला. त्यानं सुखदाच्या फोनवर 'रक्षिता' लिहिलं. फूल नाही. 'वेदांत' लिहिलं. नाही. 'सुहास' हे स्वतःच्या बाबांचं नाव लिहिलं. नाही. 'श्रीवत्स' लिहिलं – फूल!

"म्हणजे फक्त तुमच्याच फोनवर," तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आणि फक्त माझ्याच नावाला. का बरं?"

रक्षितानं वेदांतकडे पाहिलं. वेदांत खोकला. एकेक जण खुर्ची सरकवून आपल्या जागी जाऊन बसला. सगळ्यांना कळलं होतं. फक्त चुका शोधण्यात हुशार असलेल्या त्या एका माणसाला कळलं नव्हतं.

"आपण खाली डोसा खाऊ या," सुखदा घाईनं म्हणाली. "मी सांगते."

खाली तिघं बसले. सांगितलं आणि तो हसला, तर हे शनिवार संपले. नाही सांगितलं, तर गौरीची चिमणी अडली. तिनं गौरीकडे पाहिलं. गौरी डोसा समोर असूनही खात नव्हती.

"तो बग नाही," सुखदा म्हणाली.

"मग?"

"मुद्दाम केलंय."

"मुद्दाम? कुणी?"

"मी."

"कशासाठी?"

गौरीनं कपाळावर हात मारला. "अहो अण्णा!"

"गप गं." सुखदा टेबलाकडे बघत बोलत राहिली. "आधी तिथं कारलं होतं. मग काकडी होती. मग... तुम्ही वीज गेल्यावर उजेड धरलात, त्या दिवसापासून चाफा आहे. आता हसायचं तर हसा. पण चिमणीला जाऊ द्या."

तो हसला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सुखदा... माझीही एक नोंद चुकलीय."

"कुठली?"

"तुमची चिमणी उजेड धरला त्याच दिवशी नीट चालायला लागली होती. पुढच्या चुका मी... शोधून शोधून काढल्या. काही तर मीच घुसवल्या."

"का?"

"चुका संपल्या की तुम्ही यायच्या बंद होणार ना!"

सुखदा त्याच्याकडे बघतच राहिली. मग ती हसायला लागली... आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे माझी चिमणी तुम्ही अडवून ठेवलीत?" गौरी ओरडली. "इतके शनिवार? अण्णा!"

"चुकलो, गौरीअक्का." त्यानं फोन काढला, नोंदीपुढे 'बग नाही' लिहिलं आणि ती बंद केली. क्षणभरात वरच्या हॉलमधून आरडाओरडा आणि टाळ्या ऐकू आल्या. "घे. चिमणी उद्या तुमच्या सोसायटीत."

मग तो हळूच सुखदाला म्हणाला, "नोंद मी बंद केली. पण फूल तेवढं काढू नका..."

"'नका' नाही," ती म्हणाली. "'नकोस' म्हण."

"काढू नकोस," तो म्हणाला, आणि इतका लाजला की सांबाराच्या वाटीत बघू लागला.

गौरीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग आता मी तुम्हाला अण्णाच म्हणायचं, का काका?"

दोघांचंही तिच्याकडे लक्षच नव्हतं. तेव्हा तिनं आपली डोशाची ताटली उचलली, पलीकडच्या रिकाम्या टेबलावर गेली आणि शहाण्या मुलीसारखी दोघांकडे पाठ करून बसली. मग तिनं तिथला पाण्याचा स्टीलचा जग बाहीनं लख्ख पुसला आणि असा फिरवून ठेवला, की डोसा खाता खाता मागचं सगळं त्यात नीट दिसावं.