एकोणिसावी खाट

इब्तिहाल रोज सकाळी आठला अर्धांगवायूच्या वॉर्डात दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसे. मांडीवर तक्ते, हातात पेन्सिल. अठरा खाटा आणि दोन नर्सेस. दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, पाठीशी टॉवेलची गुंडाळी लावायची आणि उशाशी टांगलेल्या पुठ्ठ्याच्या घड्याळाचा काटा पुढच्या वेळेवर सरकवायचा. कोण कोणाला कधी वळवतं, तेवढंच तिनं आपल्या प्रबंधासाठी टिपायचं. खिडकीतून पोर्ट सईदचा खारा वारा आणि कालव्यावरच्या जहाजांचे भोंगे आत येत.

वॉर्डाची मुख्य, मिस नजात, या अभ्यासावर आस लावून होती.

"आम्हा दोघींना हे झेपत नाही, एवढं कागदावर दाखव पोरी," ती म्हणे. "तिसरी नर्स मिळू दे. नाहीतर एकोणिसावी खाट माझ्यासाठीच घालायला सांग."

झेपत नव्हतंच. धावून धावून दोघी जेमतेम अकरा जणांपर्यंत पोचत. तरी वेळ भरली की अठराही काटे पुढे सरकलेले असत.

ही जुनी खोड असणार, असं इब्तिहालला वाटलं. ती स्वतःही नर्स म्हणून आठ वर्षं वॉर्डात राबली होती. दुसरीनं वळवलंच असेल, असं समजून काटा तेवढा पुढे ढकलायचा. म्हणून ती खाटांमागून फिरली. रुग्ण खरोखरच वळवलेले होते. एकाच्याही पाठीला जखम नव्हती. सात गुंडाळ्यांची टोकं मात्र व्यवस्थित आत खोचलेली होती.

"ही कोणी लावली?" तिनं दुसऱ्या नर्सला, करीमाला विचारलं.

"माझ्याकडे काय बघता? मला पाणी प्यायला फुरसत नाही, टोकं कुठली खोचतेय," करीमा हसली. मग वाकून तिनं ते खोचलेलं टोक चाचपलं.

सातव्या खाटेवरच्या मितवल्लीकाकांना अर्धवट बोलता येई.

"काका, तुम्हाला कोण वळवतं?"

"ती," ते म्हणाले. "हात गार. पण तुम्हा सगळ्यांपेक्षा हलका."

दिसलं ते लिहिलं, तर वरचे म्हणणार, दोघी पुरतात. नजातचे पाय घोट्यापाशी सुजून बुटाबाहेर आले होते. इब्तिहाल त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं खोडरबर काढला. एकोणीस दिवसांचे तक्ते होते. दर वेळच्या त्या सात खुणा पुसून तिथं ती लिहीत गेली : वळवले नाही. वळवले नाही. कागद घासून पातळ झाले. दुपारचा एक वाजायला आला होता. पंखा नुसताच फिरत होता. तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ती खुर्चीतच उजव्या कुशीवर होती.

पाठीशी काहीतरी मऊ होतं. तिनं उजवा हात मागे नेला. गुंडाळी. टोक आत खोचलेलं.

नजात आणि करीमा लांब, चौदाव्या खाटेपाशी वाकल्या होत्या. त्यांना हाक मारायला तिनं तोंड उघडलं. अर्धंच उघडलं.

डावा पाय हलेना.

खुर्चीच्या वर, भिंतीवर, पुठ्ठ्याचं एक घड्याळ टांगलं होतं. त्यावर आकडा होता एकोणीस. काटा तीनवर होता.

तीन वाजायला पाच मिनिटं होती.