नववा

वीज गेली होती. येर्बाचा कडू चहा या हातातून त्या हातात फिरत होता, आणि सिल्वानोकाका पुतण्यांना आपल्या मेहुण्याची, लिबोरियोची, हकिकत सांगत होते.

पुरानंतर पिल्कोमायो नदीने पात्र बदललं. दोन देशांची सरहद्द नदीवरच ठरलेली, म्हणून ती आता कुठून वाहते ते शोधायला नऊ शिपाई आणि एक कॅप्टन रानात शिरले. लिबोरियोचं अक्षर बरं, म्हणून रोजनिशी त्याच्याकडे. किती चाललो, पाणी कुठे, माणसं किती.

"कारकून, माझं नाव नीट लिही हां," सोबतचा शिपाई एपिफानियो त्याला चिडवायचा. "कोणीतरी आईला वाचून दाखवेल. तिला वाटतं, मी इथे नुसता झोपा काढतो."

"काढतोसच की!"

अकराव्या दिवशी एपिफानियोला ताप चढला. चालवेना. पुढे कमरेएवढा चिखल, उचलून नेणं शक्य नव्हतं. त्याला झाडाखाली ठेवलं, उशाशी पाणी ठेवलं. परतताना नेऊ म्हणाले. परतले तेव्हा त्या झाडाच्या फांद्यांना नदी लागली होती.

"लिही," कॅप्टन म्हणाला. "पळून गेला."

"साहेब, त्याच्या आईला हेच कळवतील…"

"मग आजारी माणूस टाकून आलो, असं लिहायचं? लिही."

त्याने लिहिलं.

ती सोळा ऑगस्टची रात्र. चंद्र नव्हता. अंधारात हजेरी आकड्यांनी व्हायची. टोकाच्या शिपायाने आपला आकडा सांगून 'शेवटचा' म्हटलं, की हजेरी संपली, रांग मिटली. ते काम नवव्याचं, एपिफानियोचं. आता 'शेवटचा' आठव्या लिबोरियोने म्हणायचं होतं.

"सहा."

"सात."

"आठ," लिबोरियो म्हणाला. आणि सवयीने गप्प झाला.

रांग उघडी राहिली…

"नऊ."

कोणी हललं नाही.

"शेवटचा."

आवाज फार दमलेला होता. त्यात राग नव्हता… तेच लिबोरियोला सोसेना. त्याने कंदील लावला. वही उघडली. ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'ताप होता. आम्ही सोडून आलो.'

कॅप्टन बघत होता. त्याने अडवलं नाही.

"मग, काका?"

काकांनी चहा पुढच्या हातात दिला.

"सकाळी रानभर दव पडलं होतं. लिबोरियोच्या घोंगडीपलीकडे, रांगेच्या टोकाला, तेवढं गवत कोरडं होतं… माणसाएवढं."