चाळीसच्या वेगाची चाचणी

महाप्याजवळच्या कारखान्यांच्या रस्त्यावर सयाजीराव भर दुपारी पोचले, ते लवकर आटपून डबा खायचा एवढ्याच विचारात. गाड्या तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर ते. अपघात झाला की गाडी किती वेगात होती, हे त्यांनी सांगायचं.

परवा इथे एक बाई मेली होती. टेम्पोवाला शिवा एकच धरून बसला होता, "चाळीसनं चाललो होतो, साहेब. बाई दिसली, ब्रेक मारला, गाडी थांबली. धक्काच नाय लागला... तरी ती लांब पुढं जाऊन पडली."

आता यावर कोण विश्वास ठेवणार, सांगा! "ऐंशीनं उडवली असेल भाड्यानं," हवालदार जयप्रकाश म्हणाला. शिवा बेड्या घालून जीपमध्ये बसला होता. त्याची बायको शालन पदर तोंडात धरून उभी होती. वेग जास्त निघाला, तर नवरा तुरुंगात जाणार होता.

रीत साधी होती. टायर घासल्याचे काळे पट्टे डांबरावर अजून होते. तोच टेम्पो चाळीसनं आणायचा, पट्टे सुरू होतात तिथल्या चुन्याच्या रेघेवर ब्रेक दाबायचा. नवे पट्टे जुन्यांएवढेच भरले, म्हणजे शिवा खरा.

"जयप्रकाश, तू आपला कडेला त्या बाभळीखाली थांब," सयाजीराव म्हणाले.

त्यांनी स्वतः टेम्पो हाकला. काटा चाळीसवर. रेघ आली... ब्रेक! टायर किंचाळले, जळक्या रबराचा वास नाकात घुसला आणि टेम्पो थांबला. उतरून बघतात तर काय, नवे पट्टे जुन्यांच्या बरोबरीनं संपलेले!

"शालन, सुटला गं तुझा नवरा!" ते आनंदानं ओरडले.

शालन मात्र पुढे बघत होती.

लांब पुढे, बाई सापडली होती तिथेच, भर रस्त्यात जयप्रकाश पडला होता. मान उलटी वळलेली.

सयाजीरावांनी वळून टेम्पो बघितला. टेम्पोच्या तोंडावरची धूळसुद्धा हलली नव्हती. "मी... मी थांबलो होतो..."

कारखान्यातले लोक धावत आले. कुणीतरी त्यांची कॉलर धरली. "साल्या, किती स्पीडला होतास रे?"

"सोडा त्यांना!" जीपमधून शिवा ओरडत होता. "साहेबांनी गाडी थांबवली होती! म्या बघितलं!"

बेड्या घातलेल्या माणसाचं कोण ऐकतो? लोकांनी सयाजीरावांना त्याच जीपमध्ये, शिवाच्या शेजारी बसवलं. पोलिसांच्या ड्रायव्हरनं जीप काढली, तेव्हा बाभळीखाली जयप्रकाशचे बूट दिसले. नाड्या बांधलेल्या होत्या, आणि आत मोजे उभे होते.