अडतीस नंबर

प्रमोद त्या रविवारी दुपारी दवाखान्यात आला तो अगदी साध्या कामाला. कळमनुरी रोडवरच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात पेशंटना नंबराच्या चिठ्ठ्या देणारा सर्व्हर २००७ मध्ये त्यानंच बसवला होता. बसवला म्हणजे काय, झिप फाइल उघडून एक फोल्डर मांडला, की सर्व्हर सुरू. आज टाकायचा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, तीही तशीच. दुसरी झिप त्याच फोल्डरवर उघडायची, जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसतात. फक्त आधी सर्व्हर बंद करायचा आणि जुन्या फोल्डरची नक्कल काढून ठेवायची. वीस मिनिटं लागतात.

उन्हाळ्यात एकदा ती वीस मिनिटं त्यानं वाचवली होती. नांदेडची बस गाठायची होती ना!

त्या दिवशी शिरड शहापूरच्या मालनबाई छाती धरून बाकावर बसल्या होत्या. हातात अडतीस नंबरची चिठ्ठी.

"लेकरा, माझा लंबर कवा येईल?"

"बसा मावशी, उठू नका. नंबर आला की मीच हाक मारतो," असं सांगून त्यानं पॅच टाकला आणि दिवसाची यादीच पुसली गेली. नक्कल नव्हती, मग परत आणणार कुठून? नंबर दाखवणारी बाहेरची पाटी पुन्हा एकपासून सुरू झाली. लोकांनी रेटारेटी करून नव्या चिठ्ठ्या घेतल्या आणि आमचे महाराज बसमध्ये जाऊन बसले. मालनबाई मात्र उठल्या नाहीत. दवाखाना बंद झाला तेव्हा पाटी एकोणतीसवर होती. वॉचमन जळबा त्यांना उठवायला गेला, तर अंग गार पडलेलं.

प्रमोदला कुणी बोल लावला नाही. तेच त्याला जास्त लागत होतं.

आज मात्र त्यानं सगळं रीतसर केलं. सर्व्हर बंद केला, नक्कल काढायला लावली. फिनेलचा वास कोंडला होता, छपराच्या पत्र्यावर कबुतरांची नखं वाजत होती. तेवढ्यात बाहेरच्या पाटीची घंटी वाजली.

पाटीवर ३८.

"जळबामामा, बटण तुम्ही दाबलं?"

"न्हाई साहेब..." जळबा दारातूनच कुजबुजला. "दर आइतवारी असंच होऊन राहिलंय. तुमी येसाल म्हणून थांबलो."

प्रमोदनं घाईघाईनं नकलेतली यादी उघडली. ती कालची नव्हती. उन्हाळ्यातली, पुसून गेलेली यादी होती. पस्तीस जण तपासून झाले होते. मालनबाईंच्या आधी फक्त दोघं उरली होती.

त्याला भीतीपेक्षा शरमच जास्त वाटली. डोळे भरून आले. दारात उभं राहून त्यानं हाक मारली, "मालन मावशी... या. तुमचा नंबर आला."

बाक करकरला. चपला फरफटत डॉक्टरांच्या खोलीकडे गेल्या. दार उघडलं, लागलं. प्रमोदला वाटलं, सुटलो एकदाचा.

"साहेब..." जळबा म्हणाला, "आज आइतवार हाय. आत डॉक्टर कुठं हाय?"

प्रमोद धावला, दार ढकललं. खोली रिकामी होती. "मावशी, उद्या..." एवढंच तो बोलला आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

सोमवारी पाटीवर '३८ आत' होतं. प्रमोदनं सगळा फोल्डर काढून नवा मांडला, तरी ते हललं नाही. शेवटी डॉक्टरांनी तोंडानंच पहिला पेशंट बोलावला. नरसीहून आलेली सोजराबाई उंबऱ्यातच थांबली. रिकाम्या स्टुलाकडे बघत म्हणाली,

"आधी या मावशीचं होऊ द्या की, डॉक्टरसाहेब. लई येळची बसल्याली दिसतीय."