गंधवृक्षाखालची सुनावणी

डॉ. मुजावरांनी मेंदूलेखाचा पडदा हेमलता गायतोंड्यांकडे वळवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. वनस्पतिशास्त्रात मुरलेल्या या माणसाचा चेहरा इतका पडलेला बाईंनी कधी पाहिला नव्हता.

"बाई, गंधवृक्षाचं हे झाड माणसाला शांत करत नाही. मेंदूत शंका जिथे उपजते ना, तेवढीच जागा ते झोपवतं. पानांतून सुटणाऱ्या या द्रव्याला मी शंकाशामक म्हणतो. अर्धा तास मोकळ्या हवेत राहिलं की उतरतं."

"हरितांश कंपनीला हे ठाऊक होतं?"

"ठाऊक? अहो, त्यासाठीच तर घडवलंय!"

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. नीरानगरच्या सार्वजनिक उद्यानाच्या त्या अधीक्षक. कंपनी बागेत मन शांत करणारे गंधवृक्ष लावून सगळा खर्च कायमचा उचलायला तयार होती. बदल्यात तिला मागचं मैदान हवं होतं, श्रीमंत सभासदांच्या आरोग्यनिवासासाठी. पलीकडच्या वस्तीतल्या पोरांना खेळायला तेवढीच एक जागा! बाईंच्या मनात नकार पक्का होता. पण नकारसुद्धा पारखून द्यावा, हा त्यांचा हट्ट. म्हणून कंपनीचे गंधवृक्ष त्यांनीच चाचणीसाठी पाराभोवती लावून घेतले. वर्षभरात ते डोक्यापेक्षा उंच झाले.

आणि उद्याची जनसुनावणी त्याच पारावर होती. बागेचा निर्णय बागेतल्या पारावरच व्हायचा, हा नियमही बाईंनीच भांडून करून घेतलेला. कचेरीत गोरगरिबांना दारातच अडवतात, म्हणून.

"तोडून टाका ती झाडं," मुजावर म्हणाले.

"निकालापर्यंत हात लावायचा नाही, असं मीच लिहून दिलंय. मुखपट्टी लावून बसेन."

"त्वचेतूनही शिरतं ते."

"मग तुम्ही हे सगळं पारावर सांगा. खरं कळल्यावर हो म्हणायला लोक काय खुळे आहेत?"

"माहिती राहील, बाई. शंका राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी मुजावरांनी काहीएक लपवलं नाही. लोकांनी मन लावून ऐकलं. एक आजोबा उठून म्हणाले, "आपल्या मनाला घोर लागू नये म्हणून कंपनीनं केवढी खटपट केली! सख्खे तरी करतात का हो?" टाळ्या पडल्या. मुजावरांनीही वाजवल्या. बाईंना सगळं आठवत होतं, सगळं पटतही होतं. फक्त यात वाईट काय, ते सापडेना. त्यांनी हसतमुखाने कंपनीच्या करारावर सही केली आणि पेढा खाल्ला.

घरी पोहोचता पोहोचता त्या भानावर आल्या. "अगं बाई! काय करून बसले मी!" निर्णय फिरवायचा तर पुन्हा सुनावणी घ्यायला हवी, आणि तीही त्याच पारावर. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी मैदानावर कुंपणाचे खांब येऊन पडले होते. आता करार गेला खड्ड्यात! बाईंनी फाटकाबाहेर थांबून मुख्य माळी ढवळे यांना कुऱ्हाड घेऊन आत पाठवलं. बऱ्याच वेळाने ते रमतगमत परत आले.

"तोडली?"

"छे हो मॅडम, उगाच कशाला? पाणी घालून आलो बिचाऱ्यांना."

बाईंनी त्यांच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. हा राग सोडायचा नाही, बस्स, असं स्वतःला बजावत त्या आत शिरल्या. पाराजवळ पहिल्या झाडासमोर उभ्या राहिल्या. कुऱ्हाड उचलली. सावली कशी गार होती! का तोडायचं होतं, ते त्यांना नीट आठवत होतं. मैदान, पोरं, कंपनी, सगळं. त्यांनी कुऱ्हाड अलगद बुंध्याला टेकवून ठेवली.

फाटकाबाहेर वस्तीतली एक मुलगी चेंडू पोटाशी धरून रडत होती. "आमचं मैदान का बंद केलं?" तिने ओरडून विचारलं.

बाईंना तिची फार माया आली.

"रडतेस कशाला गं बाळा?" त्या प्रेमाने म्हणाल्या. "ये, आत ये. लगेच बरं वाटेल."